अठराव्या वर्षानंतर कोण? : वऱ्हाडातील पोरक्या मुलांची दीडशे वर्षे

१/ पोरक्या मुलाला छप्पर देणे समाजाला बऱ्याच आधी जमले. त्याला हक्काची माणसे देणे आणि वयात आल्यावर त्याच्या हाताला काम देणे मात्र आजही अवघड जाते. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांनी या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात जी उत्तरे शोधली, त्यांचा हा मागोवा.

२/ २३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला. वडील लवकर वारले. आई सखुबाई त्याला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. हे गाव आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात येते. बाप गेलेल्या मुलाचा पहिला आधार म्हणजे आजोळ. डेबू तेथे गुरे राखत, शेती शिकत मोठा झाला.

३/ परंतु आजोळही दुबळे असू शकते. मामाची जमीन सावकाराच्या पाशात सापडली आणि ज्या घराने पोरक्याला सांभाळले, तेच घर कोलमडू लागले. मुलाला कुटुंबात वाढवायचे असेल, तर आधी त्या कुटुंबाला उभे ठेवावे लागते. बालकल्याणाच्या धोरणाला हे सूत्र फार उशिरा उमगले.

४/ हाच डेबू पुढे गाडगे महाराज झाला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली दशसूत्री या दृष्टीने पुन्हा वाचावी. तीत भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा आहेच. पण गरीब मुलांचे शिक्षण, बेकारांना रोजगार आणि गरीब तरुण-तरुणींचे लग्न हीही कर्तव्ये आहेत. आसऱ्यापासून संसारापर्यंतचा हा एकच सलग रस्ता होय.

५/ १९४६ मध्ये अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी ‘तपोवन’ उभारले. कुष्ठरुग्णाला तेव्हा घरदार, गाव सारेच तोडत असे आणि त्याच्या निरोगी मुलांवरही तोच शिक्का बसे. तपोवनात उपचारांच्या जोडीला शेती, हातमाग, सुतारकाम आले. मुलांच्या निवासाची आणि शिक्षणाची सोय झाली. दयेवर जगणाऱ्या माणसाला कमावता करणे, हा तेथील उपचाराचाच भाग होता.

६/ आता सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळच्या वझ्झर गावी येऊ. गाडगे महाराजांच्या विचारांनी भारलेले शंकरबाबा पापळकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे दिव्यांग अनाथ मुलांसाठी बालगृह चालवायला घेतले. कुणी रेल्वे स्थानकावर, कुणी बसस्थानकावर, तर कुणी कचऱ्याच्या ढिगाऱ्यात सापडलेले. अंध, मूकबधिर, मतिमंद अशा १२३ मुलामुलींचे ते ‘बाबा’ झाले.

७/ हे केवळ संबोधन नव्हते. मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून शंकरबाबांचे नाव आणि आडनाव ‘पापळकर’ लागले. ज्याला नाव नाही, त्याला ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही, तर बँकेचे खाते नाही आणि नोकरीचा अर्जही नाही. नात्याची नोंद कागदावर झाली, तेव्हाच पुढचे दरवाजे उघडले.

८/ खरा पेच वयाचा होता. बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. त्यानंतर बालगृह सोडावे लागते. अनुरक्षणगृहाचा आधारही साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंतच. पण जी मुलगी पाहू शकत नाही आणि जिचे जगात कोणी नाही, तिने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठे जावे? शंकरबाबांनी आपल्या मुलांना बाहेर पाठवण्यास नकार दिला. दिव्यांग अनाथांचे पुनर्वसन आजीवन असावे आणि तसा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी ‘वझ्झर मॉडेल’ म्हणून ओळखली जाते.

९/ डिसेंबर २०२० मध्ये वझ्झरच्या एका मूकबधिर मुलीचे लग्न नागपुरात झाले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केले. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक अंध तरुणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. दशसूत्रीतले शिक्षण, रोजगार आणि लग्न असे एका अंगणात प्रत्यक्षात आले.

१०/ शासनाची पावलेही याच दिशेने पडली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी नोकरी व शिक्षणात १ टक्का आरक्षण ठेवले. बालसंगोपन योजनेत मूल संस्थेऐवजी नातेवाइकांकडे किंवा अन्य कुटुंबात राहते आणि त्या घराला दरमहा अनुदान मिळते. ही रक्कम ४२५ रुपयांवरून ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. म्हणजे डेबूच्या आजोळाला जे मिळाले नाही, ते आज निदान तत्त्वतः मान्य झाले आहे.

११/ योजनेला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि ते सार्थ आहे. पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले आणि शिकवून डॉक्टर केले. त्याला घर मिळाले आणि पेशाही.

१२/ तरीही एक प्रश्न उरतो. वझ्झर एका माणसाच्या आयुष्यावर उभे राहिले. आयुष्याला मर्यादा असते. म्हणूनच शंकरबाबा पुरस्काराहून कायदा अधिक आग्रहाने मागतात. वऱ्हाडाने आजोळ, तपोवन आणि वझ्झर अशी तीन उत्तरे दिली. चौथे उत्तर साऱ्या समाजाने मिळून द्यायचे आहे.