महाविद्यालयीन क्रीडा व स्त्रिया

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या क्रीडाविषयक सोयी, निधी, प्रशिक्षण आणि स्पर्धा यांत विद्यार्थिनींना विद्यार्थ्यांच्या बरोबरीने वाटा मिळावा, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्य झाले. हा वाटा मोजावयाचा कसा, याविषयी मात्र निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग पत्करले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो शिक्षणसंस्थेच्या हिशेबवहीत मोजला गेला. भारताने समतेचे तत्त्व संविधानात नमूद केले, स्त्रियांसाठी वेगळ्या स्पर्धा भरविल्या आणि पुढे नोकऱ्यांत जागा राखून ठेवल्या. परंतु महाविद्यालयाच्या क्रीडानिधीतील विद्यार्थिनींचा वाटा किती, हे कोणत्याही कायद्याने ठरविले नाही. या फरकाचे परिणाम स्त्रियांच्या हॉकीच्या इतिहासात ठळकपणे दिसतात. मराठवाड्यातील परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे विद्यार्थिनींच्या वाट्यास हॉकीपेक्षा खो-खो, कबड्डी व धावणे हेच अधिक आले, तेथे ते आणखी स्पष्ट होतात.

स्त्रियांची संघटित हॉकी इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. पुरुषांच्या संघटनेने स्त्रियांच्या संघांना संलग्नता नाकारल्यामुळे त्यांनी १८९५ मध्ये आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली, आणि १९२७ मध्ये स्त्रियांच्या हॉकीचा आंतरराष्ट्रीय संघही वेगळाच उभा राहिला. नाकारले गेल्यामुळे मिळालेली ही स्वायत्तता पुढे अनेक दशके टिकली. अमेरिकेत हा खेळ १९०१ मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेने स्त्रियांच्या महाविद्यालयांत नेला. त्यामुळे मैदानी हॉकी हा तेथे मुख्यत्वे मुलींचाच खेळ ठरला व पुरुष बर्फावरील हॉकीकडे वळले. भारतात नेमके उलट घडले. ध्यानचंदांच्या काळापासून हॉकी ही पुरुषांच्या राष्ट्रीय अभिमानाची बाब झाली आणि स्त्रियांची हॉकी तिच्या छायेत वाढली.

भारतात स्त्रियांच्या हॉकीस प्रथम आश्रय मिळाला तो मुंबई, कलकत्ता, जबलपूर यांसारख्या शहरांतील ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन समाजाच्या कन्याशाळांत आणि रेल्वेच्या वसाहतींत. मुंबईच्या मेरी डिसूझा यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत. हॉकीतही त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले व रेल्वेत नोकरी केली. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी लेडी रतन टाटा चषक ठेवण्यात आला. भारतीय महिला हॉकी संघटनेचे अध्यक्षपद दीर्घकाळ बेगम कुदसिया एजाज रसूल यांच्याकडे होते. त्या संविधान सभेच्या सदस्या होत्या. ज्या सभेने लिंगभेदावर आधारित भेदभावास मनाई करणारा आणि स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची राज्यास मुभा देणारा अनुच्छेद १५ स्वीकारला, त्याच सभेतील एका स्त्रीने पुढे देशातील स्त्रियांच्या हॉकीची धुरा वाहिली, ही गोष्ट क्रीडेच्या इतिहासात सहसा नोंदविली जात नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी ॲन लम्सडेन या हॉकीपटूस तो मिळाला. हा पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ मध्ये आली, स्त्रियांची १९८० मध्ये. मॉस्को येथील या पहिल्याच स्पर्धेत रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ सहा संघांत चौथा आला. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांत स्त्रियांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला आणि पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. त्याच सामन्यांत पुरुषांचा संघ अंतिम फेरीत पाकिस्तानकडून १–७ असा पराभूत झाला. चाळीस वर्षांनंतरही सर्वसामान्य वाचकास तो पराभव आठवतो, सुवर्णपदक आठवत नाही. त्यानंतर स्त्रियांच्या संघास पुन्हा ऑलिंपिकमध्ये खेळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या सामन्यांत तो पुन्हा चौथा आला.

अमेरिकेतील ज्या कायद्याचा या विषयात नेहमी दाखला दिला जातो, तो शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यातील नववा भाग २३ जून १९७२ रोजी अंमलात आला. त्याचे मूळ कलम इंग्रजीत अवघ्या सदतीस शब्दांचे असून त्यात क्रीडेचा उल्लेखच नाही. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या कारणावरून कोणासही वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. क्रीडेला ते कसे लागू करावयाचे, हे १९७५ च्या नियमांनी व १९७९ च्या अधिकृत विवरणाने ठरविले. त्यानुसार महाविद्यालयास तीनपैकी एक कसोटी पूर्ण करावी लागते : खेळणाऱ्या मुलींचे प्रमाण पटावरील मुलींच्या प्रमाणाशी जुळणे, अथवा मुलींच्या संघांत सातत्याने वाढ केल्याचा इतिहास दाखविणे, अथवा मुलींची आवड व पात्रता यांची पूर्ण दखल घेतल्याचे सिद्ध करणे. शिष्यवृत्त्या, साहित्य, प्रवास, सरावाची वेळ व मार्गदर्शक यांचीही तुलना केली जाते. कायद्याची खरी ताकद तत्त्वात नव्हती, ती अनुदानाशी घातलेल्या सांगडीत होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सांगड केवळ अनुदान घेणाऱ्या विभागापुरती मर्यादित केली, तेव्हा क्रीडाविभाग तिच्या कक्षेबाहेर गेले. १९८८ मध्ये नवा कायदा करून काँग्रेसने ती पूर्ववत केली. १९९४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयांना स्त्री व पुरुष संघांवरील खर्चाचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात. या नियमांमुळे मुलींचे संघ झपाट्याने वाढले. काही विद्यापीठांनी मात्र खर्चाचा मेळ घालण्यासाठी कुस्तीसारखे मुलांचे संघ बंद केले व त्यावरून वाद माजला.

भारतीय विद्यापीठांत चित्र वेगळे होते. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाने (१९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ) आंतरविद्यापीठीय स्पर्धा मुले व मुली यांच्यासाठी स्वतंत्रपणे भरविण्याची पद्धत रूढ केली. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात केंद्र शासनाने राष्ट्रीय महिला क्रीडा महोत्सव सुरू केला. त्यामुळे स्पर्धेची दारे उघडली. परंतु स्पर्धा वर्षातून काही दिवसांची असते, सराव वर्षभराचा. सरावासाठी लागणारे मैदान, साहित्य व मार्गदर्शक महाविद्यालयाच्या क्रीडानिधीतून यावयाचे. हा निधी बव्हंशी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्कातून जमतो. शुल्क मुलगा व मुलगी यांना सारखेच असते. खर्चाची नोंद मात्र खेळनिहाय होते. तो कोणासाठी झाला, हे दाखविण्याचे कायदेशीर बंधन नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय महाविद्यालयीन क्रीडेतील विषमतेचा विचार करताना सर्वांत आधी पाहावयाची बाब ही आहे, कारण ती कोणाच्या वाईट हेतूवाचूनही वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. निजामी राजवटीत मराठी माध्यमाच्या शिक्षणाची आबाळ झाली व मुलींच्या शिक्षणाची त्याहून अधिक. उच्च शिक्षणाचा खरा विस्तार १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतरचा. परभणी शहरातील ज्ञानोपासक व शिवाजी महाविद्यालये, सेलूचे नूतन महाविद्यालय, गंगाखेडचे संत जनाबाई महाविद्यालय ही जिल्ह्यातील ठळक नावे. मुलींसाठी परभणीत कमलताई जामकर महिला महाविद्यालय आहे. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). त्याच्या गृहविज्ञान, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयामुळे दूरच्या गावांतील मुली वसतिगृहात राहू लागल्या. क्रीडेच्या दृष्टीने वसतिगृहाचे महत्त्व मोठे आहे. तास संपताच गावाकडची एस. टी. गाठावयाची असलेल्या मुलीस सायंकाळचा सराव मिळत नाही. वसतिगृहातील मुलीस तो मिळू शकतो.

अंतराचा प्रश्न विद्यापीठाच्या पातळीवरही होता. परभणीहून औरंगाबाद सुमारे दोनशे किलोमीटर. विद्यापीठाच्या निवडचाचणीसाठी किंवा सराव शिबिरासाठी मुलीला परगावी मुक्कामास पाठविणे हा तिच्या घरातील मोठा निर्णय असे, आणि सोबत शिक्षिका आहे की नाही यावर तो पुष्कळदा अवलंबून राही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी त्याच्या कक्षेत आला, तेव्हा हे अंतर निम्म्याहून कमी झाले. क्रीडाधोरणाच्या कागदपत्रांत या घटनेला स्थान नाही. विद्यार्थिनींच्या दृष्टीने मात्र ती अनेक परिपत्रकांहून उपयुक्त ठरली असावी.

नांदेड हे हॉकीचे जुने केंद्र आहे. तेथील शीख समाजामुळे हा खेळ रुजला आणि श्री गुरू गोबिंदसिंघजी सुवर्ण व रौप्य चषकाच्या अखिल भारतीय स्पर्धेमुळे नावारूपास आला. ही स्पर्धा पुरुषांची. शेजारच्या परभणीत मुलींची हॉकी वाढण्यास अनेक अडचणी होत्या. अकरा खेळाडूंच्या काठ्या, गोलरक्षिकेचे पॅड व हेल्मेट यांचा खर्च लहान महाविद्यालयास पेलत नाही. जिल्ह्याची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम टाकून दाबल्याखेरीज तिच्यावर चेंडू सरळ धावत नाही. त्यातच १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. ही हिरवळ सामन्यापूर्वी पाण्याने भिजवावी लागते. मुंबई-पुण्याला ती आली. अवर्षणाशी झुंजणाऱ्या मराठवाड्यात पाण्याला इतर दावेदार पुष्कळ होते.

खो-खोला दोन खांब व चुन्याच्या रेषा पुरतात, कबड्डीला तेवढेही लागत नाही. मुलींना या खेळांची ओळख शाळेतच झालेली असते. स्त्रियांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे प्रथम भरली, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर लगेच. या खेळात स्त्रियांना फारसे थांबावे लागले नाही. कबड्डीत मात्र आशियाई क्रीडासामन्यांत पुरुषांचा प्रवेश १९९० मध्ये व स्त्रियांचा २०१० मध्ये झाला. येथे आणखी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. हॉकीचे मैदान, चेंडू व सामन्याचा वेळ स्त्री-पुरुषांना सारखाच असतो. आपल्या मातीतल्या कबड्डीत पुरुषांचे क्रीडांगण १३ × १० मी. व स्त्रियांचे १२ × ८ मी. असे नियमानेच ठरलेले असून स्त्रियांच्या सामन्याचा कालावधीही कमी ठेवण्याची प्रथा आहे.

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत सुलभ प्रकार म्हणजे धावणे. परभणीच्या ज्योती गवते यांनी जानेवारी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराच्या शर्यतीत भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला. २०१९ व २०२० मध्ये त्या सुधा सिंग यांच्यामागोमाग दुसऱ्या आल्या. मराठवाड्याच्या इतर भागांतून पुढे आलेल्या खेळाडूंत उस्मानाबादच्या (आता धाराशिव) सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे पहिली विश्वचषक खो-खो स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे या मूळच्या बीड जिल्ह्यातील होत.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नास वेगळ्या बाजूने हात घातला. १९९४ मध्ये राज्याने महिला धोरण जाहीर केले व शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण ठेवले. २००५ मध्ये गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आले. दोहोंच्या संयोगाने खेळाडू स्त्रीस नोकरीची वाट मिळाली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या खेड्यातील मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, त्यामागे ही व्यवस्था आहे. सारिका काळे याही शासनाच्या क्रीडा विभागात अधिकारी झाल्या. रेल्वेने हॉकीपटू स्त्रियांना जो आधार दिला, त्याचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल. ही पद्धत यशस्वी झालेल्या खेळाडूचा सन्मान करते. अमेरिकन पद्धत यश मिळण्याआधीच्या सरावाचा खर्च वाटून देते. परभणीच्या मुलीस राखीव जागेपर्यंत पोहोचण्याआधीचा रस्ता बव्हंशी घरच्या पैशांवर चालावा लागतो.

समतेच्या या वाटचालीत स्त्रियांनी काही गमावलेही. अमेरिकेत १९७२ पर्यंत महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या मार्गदर्शक स्त्रियाच होत्या. निधी व वेतन वाढल्यावर पुरुष त्या पदांकडे वळले आणि हे प्रमाण निम्म्याखाली आले. महाविद्यालयीन मुलींच्या क्रीडांचे नियमन करणारी स्त्रियांची स्वतंत्र संघटना १९८२ मध्ये बंद पडली व तिचे क्षेत्र पुरुषप्रधान संघटनेकडे गेले. त्याच सुमारास स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय हॉकी संघ पुरुषांच्या संघात विलीन झाला. भारतात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आग्रहावरून २००९ मध्ये हॉकी इंडिया ही एकच संस्था झाली. महिला संघटनेच्या अध्यक्षा विद्या स्टोक्स २०१० मध्ये तिच्या अध्यक्षपदी निवडून आल्या, हे खरे; परंतु खेळाचा सर्व कारभार स्त्रियांच्याच हाती असण्याचा काळ तेथे संपला. महाविद्यालयांतही शारीरिक शिक्षण संचालकाचे पद बहुधा एकच असते. त्यावर पुरुष असल्यास मुलींच्या संघासोबत जाण्यासाठी दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापिकेस विनंती करावी लागते.

२०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने राष्ट्रीय क्रीडासंघटनांच्या कार्यकारी समितीत किमान चार स्त्रिया असणे बंधनकारक केले. महाविद्यालये, विद्यापीठे व त्यांचा क्रीडानिधी या अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत.