बेंदराचा मान आणि पब्जीचा पोशाख

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यांत पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठी त्याची सेवाही थांबली. खऱ्या रुपयांनी ‘यूसी’ हे खेळातले चलन घ्यायचे आणि त्यातून पोशाख मिळवायचे, असा तो व्यवहार होता. ते सारे पोशाख खेळाडूंच्या हातून गेले. त्या पोशाखांनी गोळी अडत नसे. ते इतरांना दिसत, एवढाच त्यांचा उपयोग. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटला.

त्यांच्या खापरपणजोबांना तो तसा वाटला नसता.

मराठेशाहीत सातारा, कऱ्हाड, मिरज या कृष्णाकाठच्या मुलखात पाटीलकी हे वतन होते. ते वंशपरंपरेने चाले आणि विकताही येई. दुष्काळ पडला, सरकारी वसूल थकला, की पाटील निम्मी पाटीलकी विकून पैसा उभा करी. खरेदीखतात दोन तऱ्हेच्या गोष्टी असत. एक हक्क: तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा. यांचे मोल कोणालाही कळते. दुसरी गोष्ट मान. पोळ्याला कोणाचे बैल पुढे (कृष्णाकाठी हाच सण बेंदूर), होळीची पहिली पोळी कोणाची, टिळा-विडा आधी कोणाला. यातून घरात दाणाही येत नसे. तरीही खरेदीखतात या गोष्टींची वाटणी बारकाईने केली जाई. कागदावर पाटलाची निशाणी नांगराची. दोन पाटील झाले की कोणाचा नांगर वर, हेही ठरवावे लागे. विकणारा पुष्कळदा बाकी सारे निम्मे देई, पण ‘वडीलपण’ स्वतःकडे ठेवी. उपाशी घराने अखेरपर्यंत जपलेली चीज खाण्याची नव्हती.

या मानाला मोल कशामुळे येई? चारचौघांनी तो मानल्यामुळे. व्यवहार गोतसभेपुढे होई, महजर लिहिला जाई, नव्या वतनदाराला सरकारात नजर भरावी लागे. वाद पेटला तर नदीच्या पाण्यात उभे करून साक्ष घेतली जाई, प्रसंगी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवा दिव्यही होई. पोशाखापायी आज कोणी तेलात हात घालणार नाही, हे खरे. पण ओढ तीच.

हाच न्याय अगदी वरपर्यंत लागू होता. २८ मे १७७४ रोजी सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, तेव्हा ते अवघे ४० दिवसांचे होते. वस्त्रे आली साताऱ्याहून. कारभार पेशव्यांकडे होता, छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत होते. तरी ती वस्त्रे दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती. पुढे मान देणारा बदलला. १८०१च्या सुमारास मिरजेहून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीला गादी केली, आणि इंग्रजी अमलात त्या गादीला नऊ तोफांची सलामी ठरली. तोफा मोजण्याचा सोस संस्थानिकांत किती होता, हा स्वतंत्र विषय.

मात्र एक फरक मोठा आहे. पाटलाने घेतलेला मान त्याच्या मालकीचा होता. तो मुलाला देता येई, गहाण टाकता येई, पुन्हा विकता येई. हिरावला गेला तर कागद घेऊन थेट हुजुरापर्यंत जाता येई. खेळाडूला मिळते ती केवळ वापराची परवानगी. २०२१च्या जुलैत तोच खेळ भारतात नव्या नावाने आला, तेव्हा जुने पोशाख नव्या खात्यात नेण्याची मुभा मिळाली. ती कंपनीने दिली म्हणून मिळाली. मागण्यासाठी खेळाडूकडे खरेदीखत नव्हते.

वतनेही अखेर गेलीच. १९६२च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले, पण त्याची घोषणा आधी झाली आणि विधिमंडळात चर्चाही. गावोगावच्या जत्रांत पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून मात्र आजही जुने कागद बाहेर निघतात.