संकराला परवाना

परदेशी कलावंताला अमेरिकेत काही महिने कला सादर करायची असेल, तर आपली कला 'अस्सल' आहे, हे त्याला कधी कधी सरकारदरबारी सिद्ध करावे लागते. या विचित्र परीक्षेचे मूळ १९९० सालच्या स्थलांतर कायद्यात आहे. तोवर नामवंत कलावंत 'एच-१' या वर्गात, म्हणजे शास्त्रज्ञ आणि इतर व्यावसायिकांच्याच रांगेत येत. नव्या कायद्याने त्यांच्यासाठी 'ओ' आणि 'पी' असे स्वतंत्र वर्ग काढले. असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तीला 'ओ-१', आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या मंडळींना 'पी-१'. ज्यांच्यापाशी कीर्ती नाही, पण परंपरा आहे, त्यांच्यासाठी 'पी-३'. मुक्काम साधारणतः वर्षभराचा, आणि अर्ज करायचा तो कलावंताने नव्हे, तर तिथल्या यजमान संस्थेने किंवा प्रतिनिधीने.

'पी-३'ची अट अशी, की कार्यक्रम 'सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य' हवा. म्हणजे ती शैली एखाद्या देशाची, समाजाची, धर्माची, जमातीची किंवा अन्य समूहाची खास स्वतःची हवी. समीक्षकांनी पिढ्यान् पिढ्या ज्यावर वाद घालावा, तो प्रश्न असा टेबलामागच्या कारकुनाच्या पदरी पडला.

२००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्राने अर्जेंटिनाच्या एका वाद्यवृंदासाठी असा अर्ज केला. हा वृंद क्लेझमर वाजवी. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या लग्नकार्यांत वाढलेले संगीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडचे ज्यू अर्जेंटिनात जाऊन वसले, आणि या वृंदाच्या वादनात त्या संगीताला लॅटिन अमेरिकी ढंग मिळाला होता. अर्ज नामंजूर झाला. कारण असे, की संमिश्र शैली कुठल्याही एका समूहाची अनन्य असू शकत नाही! (हाच न्याय लावला तर आपल्या नाट्यसंगीताची काय वाट? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८०च्या 'शाकुंतला'त कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी चाली एकत्र नांदतात.) खुद्द क्लेझमरनेही रुमानियन आणि रोमा वादकांकडून मुक्तहस्ते घेतले होते, तेव्हा अधिकाऱ्याला अभिप्रेत असलेले निर्भेळ मूळ शोधायचे तरी कुठे?

मे २०१२ मध्ये प्रशासकीय अपील कार्यालयाने हा निर्णय फिरवला आणि तो पुढील प्रकरणांना बंधनकारक ठरवला. अनन्यता केवळ पारंपरिक कलेपुरती मर्यादित नाही. दोन संस्कृतींच्या मिलाफातून घडलेली कलाही एका विशिष्ट समूहाची खास असू शकते, असे त्यात म्हटले आहे. अर्जेंटिनात रुजलेल्या ज्यूंची कला ही त्या ज्यूंचीच, इतके साधे म्हणणे मान्य व्हायला सुमारे तीन वर्षे लागली. कार्यक्रमाचा दिवस अर्थातच केव्हाच उलटून गेला होता.

पुराव्याची रीत मात्र तीच राहिली. अर्जासोबत वृत्तपत्रांतील परीक्षणे किंवा जाणकारांची पत्रे जोडावी लागतात. ही पत्रे बहुधा विद्यापीठांतले अभ्यासक लिहितात, आणि कलेविषयी बोलण्याआधी त्यांना आपली पात्रता काय व आपले ज्ञान कशावर आधारलेले आहे, हे नमूद करावे लागते.