किरणजन्य कर्करोगाच्या लसीची कुळकथा

क्ष-किरणांच्या माऱ्याने जडणारा रोग विषाणूविरुद्धच्या प्रतिकारशक्तीने रोखता येईल, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु तिचे कूळ शोधू लागले की, आपण १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात हेन्री कॅप्लन यांनी बाळगलेल्या काळ्या उंदरांपाशी येऊन पोहोचतो.

या उंदरांच्या सर्वांगावर आठवड्याच्या अंतराने चार वेळा किरण सोडले, तर काही महिन्यांनी त्यांच्या छातीतील थायमस ग्रंथीत अर्बुद उद्भवे. ग्रंथी आधीच काढून टाकली तर रोग होत नसे. आणि नुसती मांडी झाकून तेथील अस्थिमज्जा किरणांपासून वाचविली, तरी बहुतेक उंदीर बचावत. मग कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा होय. ग्रंथी काढलेल्या उंदरांवर किरण सोडून, त्यानंतर त्यांच्या अंगी किरणांचा स्पर्शही न झालेली दुसरी ग्रंथी त्यांनी रोपिली, आणि अर्बुद या निर्दोष ग्रंथीतच उपजले! किरणांनी पेशींवर थेट घाव घातला, एवढ्याच कैफियतीवर आता भागेना. मधला कोणी हस्तक शोधणे प्राप्त झाले.

न्यूयॉर्कमध्ये लुडविक ग्रॉस यांनी १९५१ साली पेशीविरहित अर्क नवजात पिलांना टोचून उंदरांचा रक्तकर्क संक्रमित करून दाखविला होताच. १९५९ साली मिरियम लीबरमन व कॅप्लन यांनी किरणजन्य अर्बुदांचा गाळलेला अर्क किरण न लागलेल्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांनाही तोच रोग जडला. वंशपरंपरेने शरीरात सुप्त असलेला विषाणू किरणांनी जागा होतो, असा तर्क यातून निघाला; आणि हस्तक विषाणू असेल तर त्याच्याविरुद्ध शरीराला आगाऊ सिद्ध करावे, हा विचार ओघानेच आला. पुढील काळात तशी प्रतिकारशक्ती दिलेल्या उंदरांत किरणजन्य अर्बुदांचे प्रमाण घटल्याचे आढळले.

तथापि या यशाची व्याप्ती जपून मोजली पाहिजे. पुढे कित्येक किरणजन्य अर्बुदांत क्रियाशील विषाणू सापडेना, त्यामुळे तो सर्वत्र कारणीभूत असतो हा दावा ढिला पडला. आणि हिरोशिमा-नागासाकीच्या किरणपीडितांत वाढलेल्या रक्तकर्काच्या मुळाशी असा विषाणू असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून मूषकवंशापुरता हा उपाय खरा. मनुष्याला किरणजन्य कर्करोगापासून वाचविणारी लस अद्याप नाही.