सेवाग्राम कलाशिक्षण

सेवाग्राम कलाशिक्षण : वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे नई तालीम शिक्षणक्रमात चित्रकला व हस्तव्यवसाय यांची सांगड घालणारी शिक्षणपद्धती.

वर्धा येथे 22–23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात (पहा : वर्धा शिक्षण योजना) मूलोद्योगाबरोबर चित्रकला व संगीत यांचा अंतर्भाव होता. ही योजना (नई तालीम) राबविण्यासाठी 1938 मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाची धुरा वाहणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आले होते. तेथील कलाभवनात (पहा : बोस, नंदलाल) शिकलेले चित्रकार व कुंभकार देवीप्रसाद (1921–2011) यांनी 1944 पासून सेवाग्राम येथे कला शिकविली. 1962 मध्ये ते युद्धविरोधी चळवळीच्या कार्यासाठी लंडनला गेले.

मोठ्यांच्या चित्रांची नक्कल टाळून मुलांना स्वतःचे अनुभव रेखाटू देणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. चित्रकलेच्या जोडीला कताई, शेती व सफाई ही कामे असत. सेवाग्राम येथील गांधींच्या निवासाच्या, बापूकुटीच्या, मातीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी कोरलेली ताडाची झाडे व ॐ ही उठावचित्रे येथील मृत्तिकाकामाचा नमुना होत.

शारीरिक श्रम, विशेषतः सफाई, विशिष्ट जातींकडे सोपविण्याच्या रूढीला या शिक्षणक्रमाने छेद दिला. कला व श्रम यांचा असाच मेळ अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात (1933–57) आढळतो. तेथील विद्यार्थी चित्रकलेबरोबर शेतीकामही करीत. देवीप्रसाद यांचे विचार ‘शिक्षा का वाहन : कला’ या ग्रंथात संकलित आहेत (पहा : नई तालीम, बालचित्रकला).