चिलखती मोटारीचे तोंड कोणाकडे होते?

२२ फेब्रुवारी १९४६, शुक्रवार. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल प्रशिक्षण केंद्रात १८ तारखेला निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या अपमानास्पद वागणुकीवरून सुरू झालेला खलाशांचा संप आता गिरणगावात पोहोचला होता. पाठिंब्यासाठी मुंबईतील सुमारे ३ लाख कामगारांनी काम बंद ठेवले. परळ आणि डिलाईल रोड या भागांत रस्त्यांवर अडथळे उभारले गेले, लगतच्या इमारतींतून प्रतिकार झाला. शहर ताब्यात आणण्यासाठी लष्कराच्या दोन पलटणी लागल्या. सरकारी आकड्यांनुसारच त्या दिवसांत २२८ नागरिक मारले गेले आणि १०४६ जखमी झाले.

मित्रहो, या आकड्यांना लष्करी इतिहासात जागा कोणती? मी डिलाईल रोडचा, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी घरचाच. तो नव्याने उभा राहिला तो अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, दोन प्राध्यापकांच्या सहवासात काढलेल्या एका संध्याकाळी.

१९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात १९६५च्या युद्धातील पॅटनपाशी गर्दी असते, आणि ते स्वाभाविक आहे. आम्ही मात्र रेंगाळलो ते रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेल्या चिलखती मोटारीपाशी. युद्धेतिहास शिकवणाऱ्या सरांनी तिचे मर्म उलगडले: आलिशान गाडीचा सांगाडा इतका दणकट की पोलादी पत्र्याचा भार त्याने सहज पेलला, वर फिरता बुरूज, त्यात मशीनगन. कामगार चळवळीचा अभ्यास असलेल्या बाईंनी एवढेच विचारले, “सर, हिला पट्टे नाहीत, चाके आहेत. चाकांना रस्ता लागतो. मग ही लढणार कोठे?”

सरांचे उत्तर होते, वायव्य सरहद्द. ते खरेच आहे. पण रस्ते शहरांतही होते.

१३ एप्रिल १९१९ रोजी डायरने जालियनवाला बागेकडे दोन चिलखती मोटारी नेल्या होत्या. त्या बाहेर राहिल्या, कारण वाट अरुंद होती. वाट रुंद असती तर त्या आत नेल्या असत्या आणि मशीनगनही बहुधा चालवल्या असत्या, असे त्याने हंटर समितीपुढे मान्य केले. पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात तशी अडचण नव्हती. २३ एप्रिल १९३० रोजी तेथे चिलखती मोटारी थेट जमावात घातल्या गेल्या. लोकांनी त्यांतली एक पेटवली. त्याच शहरात चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडण्यास नकार दिला. (सोळा वर्षांनी खलाशांनी बंड केले, तेव्हा गणवेशातील माणसाचा नकार हिंदुस्थानात अगदीच अनोळखी नव्हता.)

संग्रहालयात यंत्राचे वजन, वेग, बनावट नीट कळते. ते कोणावर रोखले गेले, हे मात्र शत्रू परका असला तरच सहज सांगितले जाते. वसाहतीच्या सैन्याला दोन कामे होती, सीमा राखणे आणि प्रजा दाबणे. दुसरे काम वगळून लिहिलेला लष्करी इतिहास मला अर्धाच वाटतो. यावर सर आणि बाईंचे एकमत झाले नाही. परतीच्या गाडीतही वाद चालूच होता.

२३ फेब्रुवारीला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनी शरणागती पत्करली. कुलाब्यात आज त्यांच्या उठावाचे स्मारक आहे. आदल्या दिवशी परळच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कमल दोंदे खलाशी नव्हत्या. त्या कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या.