मुक्कामतळ, मालाड–मढ किनाऱ्यावरील

प्रवाशांनी आपली गाडी, तंबू किंवा राहुटी बरोबर आणून, जमीनमालकाच्या अथवा गावाच्या संमतीने अल्पकाळ राहावयाची मोकळी जागा म्हणजे मुक्कामतळ होय. धर्मशाळेत व सराईत निवारा यजमानाचा असतो. मुक्कामतळावर तो प्रवाशाचा स्वतःचा असतो. यजमान केवळ जमीन, पाणी, स्वच्छतेची सोय व राखण पुरवितो. तळ, पडाव, पेणे हे या कल्पनेचे जुने मराठी शब्द होत. निवासाची सोय असलेल्या मोटारगाड्यांसाठी राखलेला कॅरव्हान तळ हे तिचे आधुनिक रूप होय. मुंबई उपनगर जिल्ह्यातील मालाडच्या पश्चिमेस मार्वे, आक्से, एरंगळ व मढ या गावांच्या किनारपट्टीत मुक्कामाची ही पद्धती दीर्घकाळ टिकून राहिली, व तिच्यापुढील अडचणीही येथेच स्पष्टपणे दिसून येतात.

भूमी व पाणी : मढ हे बेट म्हणून ओळखले जात असले, तरी वस्तुतः ते द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस खाडी असून मालाडहून मालवणी–मार्वेमार्गे जाणाऱ्या रस्त्याने ते मुख्य भूभागाशी जोडलेले आहे. दक्षिण टोकाकडून वेसाव्यास व उत्तरेस मार्व्याहून मनोरीस तरीने जाता येते. मात्र मोठे वाहन घेऊन मनोरीस जावयाचे झाल्यास भाईंदर–उत्तनमार्गे वळसा घालावा लागतो. समुद्र व खाडी यांमधील अशा अरुंद पट्ट्यात गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरींचा उपसा प्रमाणाबाहेर झाल्यास खालचे खारे पाणी वर येते व विहीर निकामी होते. त्यामुळे एखाद्या तळावर किती माणसे राहू शकतील, हे जमिनीच्या विस्तारापेक्षा विहिरीच्या पाण्यावर ठरते.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी : सोपारा व कल्याण या बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणारे व्यापारी तांडे सार्थवाहाच्या नेतृत्वाखाली प्रवास करीत. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेण्याजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आढळतात. बोरिवलीनजीकच्या कण्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून बहुतेकांना स्वतंत्र टाके आहे. तेथील शिलालेखांत सोपारा, कल्याण इ. ठिकाणच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांचे उल्लेख येतात. या अवशेषांवरून वाटेवरील मुक्कामाचा पाया पाणी हाच होता, असे दिसते. पुढील काळात बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून कोकण आणि देश यांच्या दरम्यान जा-ये करणाऱ्या वंजारी व लमाण तांड्यांनीही पाणी व चारा असलेल्या माळांवरच पाले ठोकली. यांपैकी कोणत्याही तळावर मालकी सांगणारी इमारत क्वचितच उभी राहिली. तळ वापराने ठरत असे व तांडा उठला की जमीन पुन्हा चराईस मोकळी होई.

एरंगळची जत्रा : गुजरातच्या सुलतानाबरोबर १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. फ्रान्सिस्कन पंथीयांनी एरंगळच्या किनाऱ्यावर १५७५ मध्ये संत बोनाव्हेंचर यांचे चर्च बांधले. मराठ्यांच्या १७३७–३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. परंतु या सत्तांतरांनंतरही एरंगळचे स्थानमाहात्म्य राहिले. येथील जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते. संताचा पंचांगातील दिवस जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो व तेव्हा या किनाऱ्यावर उघड्यावर मुक्काम करणे शक्य नसते. जत्रेस ईस्ट इंडियन ख्रिस्ती व कोळी समाजाबरोबरच अन्य धर्मीयही येतात.

मोटारींचा प्रसार होण्यापूर्वी साष्टीतील गावांमधून कुटुंबे सजविलेल्या बैलगाड्या घेऊन आदल्या दिवशी किंवा त्याही आधी येत. गाड्या सोडून, बैल बांधून, तंबू अथवा मांडव घालून ती किनाऱ्यालगत राहत. शिधा, भांडी व अंथरूण-पांघरूण बरोबर असे आणि गाडी हेच पुष्कळदा रात्रीचे घर होई. आज बहुसंख्य यात्रेकरू मोटारींनी व बसने येऊन त्याच दिवशी परततात. तथापि स्वतःचे बिऱ्हाड बरोबर आणावयाचे, यजमान गावाची जमीन व पाणी वापरावयाचे आणि जत्रा संपताच जागा रिकामी करावयाची, ही मुक्कामतळाची सर्व लक्षणे या जत्रेत एकत्र आढळतात. या किनाऱ्यावरील सर्वांत जुनी व स्थानिकांनी मान्य केलेली पर्यटनपद्धती म्हणून तिचे महत्त्व विशेष आहे.

तळापासून बंगल्याकडे : माहीमचा बांध १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची उपनगरी गाडी १८६७ पासून विरारपर्यंत जाऊ लागली आणि साष्टीचा पश्चिम भाग मुंबईच्या आटोक्यात आला. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला. बाँबे टॉकीज या चित्रपटसंस्थेची स्थापना १९३४ मध्ये होऊन मालाड चित्रपटव्यवसायाचे केंद्र बनले, तर १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाला. या काळात मार्वे व मढ परिसरात मुंबईतील सधन कुटुंबांनी हवापालटासाठी बंगले बांधले. पुढे त्यांतील अनेक चित्रीकरणास व सुटीच्या मुक्कामास भाड्याने दिले जाऊ लागले आणि आक्से येथे छोटी निवासगृहे व विश्रामस्थाने निघाली. प्रवाशाने निवारा बरोबर आणण्याची पद्धती अशा रीतीने मागे पडली व निवारा भाड्याने देण्याची पद्धती रूढ झाली.

या बदलात गावकऱ्यांचे स्थानही पालटले. मोकळ्या जमिनीचा मालक असलेला कोळी, भंडारी वा ईस्ट इंडियन कुटुंबप्रमुख पूर्वी स्वतः यजमान होता. इमारतीचा व्यवसाय सुरू झाल्यावर भांडवल ज्याचे, त्याच्याकडे व्यवसाय गेला आणि अल्पभूधारकाला जमीन विकणे किंवा तेथेच नोकरी करणे, हे दोनच पर्याय पुष्कळदा उरले.

परदेशांतील तुलना : इंग्लंडमध्ये नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक व लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाच्या, घोडे जोडलेल्या फिरत्या घरातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. हौशी कॅरव्हान-प्रवासाचा आरंभ तेथून मानला जातो. १९०७ मध्ये ‘कॅरव्हान क्लब’ स्थापन झाला. मोटारींचा प्रसार झाल्यावर तळांची संख्या बेसुमार वाढली. तिला आळा घालण्यासाठी १९६० चा कॅरव्हान तळांविषयीचा अधिनियम करण्यात आला व तळासाठी स्थानिक प्राधिकरणाचा परवाना आवश्यक ठरला. या अधिनियमाने लहान तळांना मात्र मोजून सूट दिली. एक कॅरव्हान दोन रात्रींपुरती उभी करण्यास परवाना लागत नाही. पाच एकरांहून कमी नसलेल्या जमिनीवर वर्षातून २८ दिवसांपर्यंत तीन कॅरव्हान ठेवता येतात. मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणपत्र दिलेल्या तळावर पाचांपर्यंत कॅरव्हान राहू शकतात. या सवलतींमुळे तेथील शेतकऱ्यांना मोठी गुंतवणूक न करता हा जोडधंदा करता आला. संख्या व दिवस यांनी घातलेली मर्यादा हे या व्यवस्थेचे मर्म होय.

भारतातील कायदेशीर स्थिती : ब्रिटिश अमदानीतील १८६७ च्या सराई अधिनियमात सराईच्या व्याख्येत पडावाचाही अंतर्भाव केलेला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. सराई चालविणाऱ्याने नोंदणी करावी, विहिरी, तलाव व गटारे स्वच्छ ठेवावीत, पहारेकरी नेमावेत, साथीच्या रोगाची वर्दी द्यावी व आकाराचे दर दर्शनी भागी लावावेत, अशी कर्तव्ये त्यात सांगितली होती. उघडा तळ हीदेखील नियमनास पात्र अशी निवासव्यवस्था आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. पुढे नगररचनेचे नियम प्रामुख्याने इमारतींच्या संदर्भात आणि वाहतुकीचे नियम वाहनांच्या संदर्भात विकसित झाले; दोहोंमधील तळ मात्र दुर्लक्षित राहिला.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली व भरतीरेषेपासून ५०० मी. पर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध आले. २०११ व २०१९ मध्ये नवीन अधिसूचना काढण्यात आल्या. मढ–मार्वे पट्ट्याचा बराच भाग या निर्बंधांच्या कक्षेत येतो. निर्बंध बांधकामावर असल्याने ‘तात्पुरते’ या शब्दास येथे मोठे मोल आले व त्याचा गैरवापरही झाला. तात्पुरत्या परवानगीवर मढ–एरंगळ भागात उभारलेली चित्रीकरणगृहे पुढे कायम स्वरूपाची ठरल्याने एप्रिल २०२३ मध्ये महानगरपालिकेने ती पाडली. अशा घटनांमुळे खरोखर तात्पुरता असणारा तंबूही संशयास पात्र होतो व त्याची झळ छोट्या यजमानास अधिक बसते.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये किनाऱ्यावरील कुट्यांविषयीचे धोरण स्वीकारले. प्रारंभी त्यासाठी केळवे, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर व तारकर्ली हे आठ किनारे निवडण्यात आले. उपनगरातील एकही किनारा त्यांत नव्हता. २०२१ मध्ये राज्याचे कॅरव्हान पर्यटन धोरण जाहीर झाले व त्यात कॅरव्हानबरोबर कॅरव्हान तळाची कल्पनाही प्रथमच स्वतंत्रपणे मांडण्यात आली. त्याच वर्षी केरळ राज्याने आपले धोरण जाहीर करताना तळासाठी किमान ५० सेंट, म्हणजे सु. २० गुंठे जमीन व पाच गाड्यांची जागा अशी अट ठेवली. इंग्लंडमध्ये पाच ही लहान तळाची कमाल संख्या आहे, तर केरळात ती किमान आहे. एकाच आकड्याच्या या दोन उपयोगांवरून लहान यजमानाकडे पाहण्याच्या दृष्टीतील अंतर ध्यानात येते.

तळाची व्यवस्था : मढ–मार्वे भागात तळ चालविताना काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वाहने उभी करण्याची जागा पुळणीवर न ठेवता टणक जमिनीवर व उधाणाच्या भरतीच्या रेषेपलीकडे असावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती सु. ५ मी. पर्यंत चढते व ओल्या वाळूत रुतलेले वाहन भरतीपूर्वी काढणे कठीण होते. शौचाचे पाणी व धुण्याभांड्यांचे सांडपाणी वेगवेगळे जमवून विहिरीपासून दूर न्यावे लागते. उथळ, वालुकामय जमिनीत ते विहिरीत त्वरित झिरपते. खाऱ्या हवेने लोखंडी नळ व विजेच्या जोडण्या लवकर गंजतात. आक्से येथील समुद्रात ओढ जबर असल्याने बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडलेल्या आहेत. म्हणून पोहण्यास धोक्याच्या जागा व वेळा पाहुण्यांना सांगणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य ठरते. जून ते सप्टेंबर या काळात तळ बंदच ठेवावा लागतो.

मासेमारीशी असलेला संबंध याहून नाजूक आहे. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस जून व जुलै हे महिने बंदी असते. पावसाळा संपल्यावर बोंबील व अन्य मासळी सुकविण्यासाठी कोळीवाड्यांना वलांड्या व मोकळी पुळण लागते, आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तोच असतो. सुकवणीची जागा तळाला दिल्यास एका कुटुंबाला भाडे मिळते, पण त्या जागेवर काम करणाऱ्या अनेक स्त्रियांचा रोजगार जातो. किनाऱ्यावरील मोकळी जागा कागदोपत्री पडीक दिसली, तरी व्यवहारात ती कामाची जागा असते, ही बाब नियोजनात पुष्कळदा सुटते.

मूल्यमापन : मालाडच्या किनाऱ्याचा इतिहास पाहता, येथील जमीन व पाणी यांना झेपणारा मुक्काम हा मर्यादित संख्येचा, ठराविक दिवसांचा व मागे बांधकाम न ठेवणारा आहे, असे दिसून येते. एरंगळच्या जत्रेने ही मर्यादा कोणत्याही लेखी नियमावाचून पाळली. आधुनिक धोरणांनी कॅरव्हान तळास मान्यता दिली असली, तरी त्याचा लाभ किनाऱ्यावरील अल्पभूधारकास मिळावयाचा असेल, तर लहान तळाची वेगळी व्याख्या, पाण्याच्या क्षमतेवरून ठरविलेली गाड्यांची संख्या आणि सुकवणीच्या जागांचे संरक्षण या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. त्यांच्या अभावी तळाच्या नावाखाली कायम बांधकामे उभी राहण्याचा धोका संभवतो; तसे झाल्यास जमीन, विहीर व यजमानपण ही तिन्ही गावाच्या हातून जातील.